मलेशियाला जाताय? खाकऱ्यांची बॅग जरा हलकी करा



गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न मी कितीदा वाचला असेन. "मलेशियाला चाललोय, आपलं जैन खाणं मिळतं का?" १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, त्यामुळे सुट्टी लागली की आपल्यातली दोन-चार कुटुंबं तरी क्वालालंपूरच्या विमानात असतातच. प्रश्नाखाली येणारी उत्तरंही ठरलेली. एक गट सांगतो, "तिथे आपल्यासाठी काहीच नाही, सगळं घरून न्या." दुसरा गट सांगतो, "परदेशात एवढं कुठे बघत बसायचं? मासे बाजूला काढायचे आणि भात खायचा."

मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. आठ दिवस मलेशियात राहून, रस्त्यावर उभं राहून, विचारून-विचारून आम्ही खाल्लं आणि नियम मोडला नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या प्रसिद्ध याद्यांबद्दल. "मलेशियात हे दहा पदार्थ खाल्लेच पाहिजेत" असं काहीतरी आपण सगळ्याच निघण्याआधी वाचतो. नासी लमाक, साते, रेंडांग, लाक्सा, चार क्वे त्याव, रोटी चनाई अशी नावं प्रत्येक यादीत असतात. साते म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन् तास आटवलेलं मांस. पेनांगचा आसाम लाक्सा माशाच्या रश्शात होतो, आणि चार क्वे त्याव या चिनी नूडल्समध्ये कोळंबी, शिंपले, अंडं सगळंच. हे आपले नाहीत, विषय संपला. त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही.

पण नासी लमाकपाशी थांबायला हवं, कारण आपल्या बायका फसतात त्या इथेच. हा त्यांचा सकाळचा नाश्ता. नावाचा अर्थ साधारण 'स्निग्ध भात'. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवतात, त्यात पांडनचं पान गाठ मारून टाकतात. पांडन आपल्या केवड्याच्या कुळातलं, आणि वास थेट आंबेमोहोर भाताचा. केळीच्या पानाच्या पुडीत हा भात, काकडीचे काप, तळलेले शेंगदाणे, अर्धं अंडं, इकान बिलिस नावाचे बोटभर तळलेले मासे आणि लाल सांबाल. आता आपली बाई काय म्हणते? अंडं आणि मासे काढले की उरलं ते आपलंच. भात, काकडी, दाणे, मिरचीची चटणी.

त्या चटणीतच सगळं आहे. सांबालात कांदा-लसूण असतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बलाचान असतं. बलाचान म्हणजे अगदी बारीक कोळंबी मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून, आंबवून केलेली वडी. आपल्या कोकणात वाळवलेला जवळा विकतात ना, जवळपास तीच जात. ही वडी भाजून चटणीत, भाजीत, रश्शात चिमूटभर घालतात आणि ती विरघळून जाते. डोळ्याला दिसत नाही, बाजूला काढता येत नाही. शेंगदाणेही बऱ्याचदा त्या माशांबरोबरच तळलेले असतात. भातात काही ठिकाणी आल्याच्या चकत्या पडतात, म्हणजे ओलं आलं न खाणाऱ्यांचा तोही प्रश्न. एवढं सगळं वजा केल्यावर हातात राहते ती काकडी.

म्हणून "मासे बाजूला काढा" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. आपण मांसाहार करत नाही तो दिसतो म्हणून नव्हे, त्यात जीव गेलेला असतो म्हणून. बोटभर माशात एक जीव आहे, आणि बलाचानच्या त्या सुपारीएवढ्या तुकड्यात किती असतील याचा हिशेब करून बघा. दिसणारं काढून न दिसणारं खायचं, याला नियम पाळणं कसं म्हणायचं? रात्रीभोजनाच्या त्यागामागेही न दिसणाऱ्या जिवांचाच विचार आहे. घरी पाणी गाळून पिणारी बाई परदेशात गेली की डोळ्यांवर एवढा भरवसा कसा ठेवते, मला कळत नाही.

अशा आणखी जागा सांगते, कारण त्या कुणी सांगत नाही. कांगकुंग म्हणजे पाण्यात वाढणारी पालेभाजी. हिरवीगार परतलेली दिसली म्हणून मागवाल, तर ती बहुतेक बलाचान घालूनच परततात. रोजाक बघून तर कुणीही म्हणेल फळांची कोशिंबीर. अननस, पेरू, काकडी, वरून दाण्यांचा कूट. पण वरचा काळा गोडसर रस कोळंबीच्या दाट अर्काचा असतो, आणि फळांत मिसळलेले पांढरे तुकडे एका कंदाचे. लहान मुलांसाठी सगळ्यात मोठी फसवणूक कुरोपोकची. दिसायला थेट आपल्या तांदळाच्या पापडासारखं पांढरं, कुरकुरीत. असतं कोळंबीचं नाहीतर माशाचं. करीपाप ही आपल्या करंजीची बहीण, पण पोटात बटाटा आणि बऱ्याचदा चिकन. रोटी चनाई तव्यावर हवेत फिरवून लाटतात, बघायला मजा येते, पण काही जण पिठातच अंडं घालतात, त्याच तव्यावर अंड्याची रोटी होते, आणि सोबतच्या डाळीत कांदा-लसूण ठरलेलं. आंबोळीसारखं दुमडून देतात ते आपाम बालिक, आत दाणे-साखर, पण पिठात अंडं.

आणखी एक. दुकानावर 'हलाल' लिहिलेलं असतं ते बघून आमच्या गटातल्या एका ताईंना हायसं वाटलं होतं. हलालचा अर्थ डुकराचं मांस नाही, दारू नाही, आणि जनावर त्यांच्या धर्माच्या पद्धतीने कापलेलं आहे, इतकाच. शाकाहाराशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तिथे शोधू नका.

आता तुम्ही म्हणाल, मग पहिला गटच बरोबर. काही नाहीच आपल्यासाठी.

थांबा. त्या याद्या लिहिणारे मांसाच्या पदार्थांभोवती यादी बांधतात आणि शेवटी 'डेझर्ट' म्हणून एखादं नाव चिकटवतात. मलय माणसाच्या खाण्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना दिसतच नाही. त्या भागाचं नाव कुए. कुए म्हणजे सकाळी आणि दुपारच्या चहाला खायचे छोटे-छोटे पदार्थ, बहुतेक गोड, बहुतेक वाफवलेले. तांदूळ, नारळ, गूळ, केळीचं पान. झालं साहित्य. मैत्रिणींनो, हे साहित्य कुणाच्या घरचं आहे?

सकाळी रस्त्याच्या कडेला एक टेबल, त्यावर ताटांत मांडलेले हिरवे, निळे, पांढरे तुकडे, आणि मागे डोक्यावर रुमाल बांधलेली एक बाई. हे पदार्थ बऱ्याचदा बायकाच पहाटे उठून घरी करतात आणि विकतात. तिला 'माकचिक' म्हणायचं, म्हणजे मावशी. केलांतान राज्यात कोटा बारू शहराच्या मुख्य बाजाराला तर पैगंबरांच्या पत्नी खदिजा यांचं नाव आहे, कारण तिथल्या विक्रेत्या जवळजवळ सगळ्या बायकाच. खदिजा स्वतः व्यापार करणाऱ्या होत्या. आपण त्या भागात गेलो नाही, पुढच्या वेळी मात्र मला तो बाजार बघायचाच आहे.

कुएंमधला माझा पहिला नंबर पुलुट इंतीचा. पुलुट म्हणजे चिकट तांदूळ. नारळाच्या दुधात आणि चिमूटभर मिठात वाफवलेला, वर गुळात शिजवलेलं ओलं खोबरं, आणि केळीच्या पानाची टोकदार पुडी. काही ठिकाणी भातावर निळी छटा असते. मी आधी दचकले, म्हटलं रंग घातलाय. विचारलं तर माकचिकने एक वाळलेलं फूल काढून दाखवलं. गोकर्ण! आपल्या कुंपणावर चढते तीच निळी गोकर्ण. तिला तिथे बुंगा तलांग म्हणतात आणि तिच्या पाण्यात भात रंगवतात. केलांतानचा नासी कराबू नावाचा निळा भातही याच फुलाचा, पण तो मासे आणि मासे आंबवून केलेल्या बुडू नावाच्या रसाबरोबर खातात, म्हणून तो आपला नाही. पुलुट इंतीत मात्र अंडं नाही, कंद नाही, कांदा नाही.

दुसरं ओंदे-ओंदे. पांडनच्या रसाने हिरवी केलेली चिकट तांदळाच्या पिठाची गोळी, आत गुळाचा खडा, उकळून काढून वरून ओलं खोबरं. तोंडात टाकली की गूळ फुटतो. सासूबाईंनी पहिली गोळी खाल्ली आणि म्हणाल्या, "हा तर मोदक उलटा केलाय." खरंच तसं आहे, आपण खोबरं आत घालतो, त्या बाहेर लावतात. इथे एक गोष्ट विचारून घ्यायची, काही जणी पिठात रताळं घालतात. त्यासाठी एकच शब्द पाठ करा, उबी. उबी म्हणजे कंद. बिंका उबी हा टॅपिओकाचा केक, तो टाळा. बुबुर चा-चा या खिरीत रताळं आणि अळकुडीच्या जातीचे कंद असतात, तीही टाळा. कुए लापिस म्हणजे थरावर थर वाफवलेली रंगीत वडी, त्यात तांदळाच्या पिठाबरोबर टॅपिओकाचं पीठ बऱ्याचदा असतं. ज्या घरात साबुदाणा चालतो त्यांना चालेल, ज्यांना नाही त्यांना नाही.

साबुदाण्यावरून आठवलं. 'सागू' हा मूळ मलय शब्द. खरा सागू जमिनीखालच्या कंदाचा नसतो, एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या गाभ्याचा असतो. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, म्हणून आपल्यात त्यावर इतका वाद. आता कुणी म्हणेल, मग मलेशियातला सागू निर्धास्त खावा. पण तो काढायला अख्खं झाड पाडतात, आणि आजकाल तिथेही दुकानातले मोती बरेचदा टॅपिओकाचेच. मी खाल्ला नाही. ज्यांनी त्यांनी आपलं बघावं.

तिसरं लपाट पिसांग. पिकलेलं केळं कुस्करून, पीठ आणि खोबरं घालून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. पुतू पिरिंग म्हणजे तांदळाच्या रवाळ पिठाची वाफवलेली चकती, मध्ये गूळ. पुतू मायम म्हणजे तांदळाच्या शेवया, वर खोबरं आणि गूळ, ही तमिळ लोकांची देणगी. ईदेच्या सुमाराला बांबूच्या नळीत केळीचं पान घालून, नारळाच्या दुधातला चिकट भात विस्तवाशेजारी उभा ठेवून शिजवतात, तो लमांग. ते तो रेंडांगबरोबर खातात, आपण नुसता खावा. गरम असताना त्याला कशाची गरज लागत नाही.

चेंडोल सगळ्यांना माहीत असतं. पांडनच्या हिरव्या शेवया, लाल राजमासारखे दाणे, नारळाचं दूध, गूळ आणि किसलेला बर्फ. बर्फ आपल्या बावीस अभक्ष्यांत मोजतात, आणि ते पाणी कुठलं हेही माहीत नसतं. "ताक माहू आइस" म्हणा, म्हणजे बर्फ नको. माकचिक जरा चकित होईल, पण देईल. जेलीसारखे तुकडे असतील तर ते बहुधा अगर-अगरचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे. शेवाळ अनंतकायात येतं, तेव्हा तेही काढायला सांगा.

आणि गुळाबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत, मी पडले कोल्हापूरकडची. त्यांचा गूळ गुला मलाका. माडाच्या फुलोऱ्यातून काढलेला गोड रस, म्हणजे आपली नीराच, आटवून बांबूच्या नळीत ओततात, म्हणून त्याच्या ढेपा लांब नळीसारख्या. रंग काळपट, वास जरा धुरकट, खाली एक खारट चव. आपल्या उसाच्या गुळापेक्षा वेगळा, पण उपरा नाही. 'गुला' हा शब्द संस्कृत 'गुड'वरूनच गेलेला, म्हणजे आपल्या 'गूळ' शब्दाचा सख्खा भाऊ.

भाषेचं हे नातं तिथे पावलोपावली भेटतं. उपवासाला मलय भाषेत 'पुआसा' म्हणतात, तो आपला उपवासच. पापाला 'दोसा', म्हणजे दोष. पुण्याला 'पहाला', म्हणजे फळ. नरकाला 'नराका'. आणि धर्माला काय म्हणतात माहीत आहे? 'आगामा'. आपण स्वाध्यायाला बसून ज्याला आगम म्हणतो, तोच शब्द. इस्लाम मानणारी माणसं आपल्या धर्मासाठी रोज हा शब्द उच्चारतात. (डोसा खायचा असेल तर मात्र 'तोसाई' मागा, 'दोसा' मागाल तर पाप मागितल्यासारखं होईल.)

हे सगळं सांगायचं कारण, माझी खरी तक्रार खाण्याच्या पदार्थांबद्दल नाहीच. आम्ही गेलो होतो तेव्हा मलाकामध्ये एका बाजारातून चालताना गटातल्या एका बाईंनी बलाचानच्या वासाने पदर नाकाला लावला आणि मोठ्याने "छी, काय हे खातात" म्हटलं. शब्द मराठी होते, पण तोंड वाकडं करायला भाषा लागत नाही. टेबलामागच्या बाईने ते बघितलं आणि नजर खाली केली. तिच्या त्याच टेबलावर अर्ध्या भागात लपाट पिसांग होते, जे आम्ही आनंदाने खाल्ले असते. त्यानंतर तिच्याकडून काही मागण्याचं तोंड मला राहिलं नाही. बरोबर आमची मुलं होती. ती त्या क्षणी काय शिकली? अहिंसा शिकली की तुच्छता? आपला त्याग आपल्यासाठी आहे. तो दुसऱ्याच्या ताटावर नाक मुरडायला दिलेला परवाना नव्हे. वास सहन होत नसेल तर दोन पावलं पुढे जावं, शांतपणे.

विचारायला लाजू नका, एवढंच मी उलट सांगेन. आपल्याला वाटतं, सारखं "यात हे आहे का, ते आहे का" विचारलं तर समोरच्याला राग येईल. माझा अनुभव उलटा आहे. हलाल-हराम पाळणाऱ्या माणसाला 'आमच्या धर्मात हे चालत नाही' हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. तो समाज स्वतःच रोज विचारून खातो. "साया ताक माकान इकान, उदांग, तलुर, बावांग" म्हणजे मी मासे, कोळंबी, अंडं, कांदा खात नाही. लसणाला 'बावांग पुतिह' म्हणजे पांढरा कांदाच म्हणतात, त्यामुळे एका शब्दात दोन्ही येतात. "आदा बलाचान?" म्हणजे यात बलाचान आहे का. एका माकचिकने तर माझा प्रश्न ऐकून स्वतःहून तीन ताटांवर बोट ठेवून "ही नको" आणि दोन ताटांवर "ही चालतील" असं सांगितलं. मी न विचारता उचललं असतं ते नेमकं अंड्याचं होतं, सरी मुका नावाचं, खाली भात आणि वर हिरवा थर. तो थर अंड्याचा.

आता वेळेचं. क्वालालंपूरला वर्षभर सूर्य साधारण सात ते साडेसातच्या मध्ये मावळतो आणि उजाडतंही सातनंतरच. पासार मालाम म्हणजे रात्रीचा बाजार, पण तो पाचच्या सुमाराला लागायला सुरुवात होते. पाचला जा, सहापर्यंत खाऊन घ्या, मग मुलांना हवं तेवढं फिरवा. रमजानच्या महिन्यात गेलात तर दुपारी तीन-चारपासूनच खाण्याचे मोठे बाजार भरतात आणि कुएंची जितकी विविधता तेव्हा दिसते तितकी एरवी नाही. ते लोक सगळं विकत घेऊन सूर्यास्ताची वाट बघत बसतात, आणि आपण सूर्यास्ताआधी संपवायच्या घाईत. त्यांचा घास ज्या मिनिटाला सुरू होतो त्या मिनिटाला आपला थांबतो. सासूबाईंना याचं फार अप्रूप वाटलं होतं.

जेवणासाठी ब्रिकफील्ड्सला किंवा पेनांगच्या लिटल इंडियात तमिळ शाकाहारी खानावळी आहेत. सांबारात कांदा असतो, इडली आणि साधा भात मागून घ्यावा. चिनी बौद्धांच्या शाकाहारी खानावळीही आहेत, आणि त्यांच्यातले कडक पाळणारे कांदा-लसूणही खात नाहीत, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे. मात्र तिथे मशरूम आणि कंद भरपूर, आणि मांसासारखं दिसणारं सोयाचं खाणं मला मनातून नको वाटतं.

ज्यांचा नियम आहे की मासे-मांस शिजतं त्या भांड्यातलं काहीच घ्यायचं नाही, त्यांना मी कुए खा म्हणून सांगणार नाही. त्यांचा नियम माझ्यापेक्षा मोठा आहे. त्यांच्यासाठी फळं आहेत, आणि तीही न कापलेली, अख्खी घ्यावीत, कारण सुरी कुठली माहीत नसते. मंगोस्टीन आपल्या कोकमाच्या घराण्यातलं, जांभळं जाड कवच फोडलं की आत पांढऱ्या पाकळ्या. रांबुतान म्हणजे केसाळ लिची. चंपडाक म्हणजे फणसाचा धाकटा भाऊ. ड्युरियनबद्दल मी काही बोलत नाही. माझ्या मुलीने दोन गरे खाल्ले, आणि हॉटेलात आत न्यायला बंदी असल्यामुळे आम्ही सगळे बाहेर पायरीवर बसून तिच्याकडे बघत होतो.

राहिला पहिला गट, 'सगळं घरून न्या' म्हणणारा. न्या ना. पण ते कोण करतं? निघण्याआधी आठ दिवस खाकरे, दशम्या, पुऱ्या, कोरडी चटणी, खिचडीची पाकिटं. बॅगेचं वजन करून काढा-घाला. तिथे गेल्यावर हॉटेलच्या खोलीत छोट्या इलेक्ट्रिक कुकरवर सकाळी पाच माणसांची खिचडी, आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी. बाकीचे खाली लॉबीत तयार होऊन हाका मारतात, "झालं का?" एक सहल कंपनी 'जैन किचन सोबत' म्हणून जास्त पैसे घेते आणि आठही दिवस तीच मुगाची डाळ वाढते, असंही आमच्या नात्यात घडलं आहे. ज्या बाईने वर्षभर घरच्या गॅससमोर उभं राहून काढलं, तिने समुद्र ओलांडून पुन्हा तेच करायचं, आणि वर याला धर्म म्हणायचं? धर्माने तिला विचारून खायला सांगितलं आहे. सगळं स्वतः रांधायला सांगितलेलं मी तरी कुठे वाचलेलं नाही. खाकरे दोन दिवसांचे न्या, विमान उशिरा आलं तर, डोंगरावर काही मिळालं नाही तर. बाकी जागा रिकामी ठेवा, येताना गुला मलाकाच्या ढेपा आणता येतात.

पुलुट इंती घरी कशी करायची ते दोघींनी विचारलं होतं, म्हणून इथेच लिहिते. चिकट तांदूळ मिळाले तर उत्तम, नाहीतर आंबेमोहोर किंवा इंद्रायणी. दोन वाट्या तांदूळ तीन-चार तास भिजवा. दहा-बारा गोकर्णाची फुलं, नीट झाडून, आत मुंगी-किडा नाही ना बघून, अर्धी वाटी गरम पाण्यात घाला. निळं पाणी उतरलं की गाळून निम्म्या तांदळाला लावा. तांदूळ कापडावर वाफवा, अर्धे शिजले की अर्धी वाटी घट्ट नारळाचं दूध आणि पाव चमचा मीठ शिंपडून हलवा, पुन्हा वाफ द्या. एका नारळाचं खोबरं, पाऊण वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे पाणी मंद आचेवर, ओलसर असतानाच उतरवा, कोरडं करू नका. केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करा, त्यावर भात, वर खोबरं, आणि पुडी. सूर्यास्ताआधी संपवा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. नारळाच्या दुधाचा भात आहे, शिळा होतो.